हाक मारायला तीन माणसं

हे मी लिहावं असं भागवतरावांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, लिहायचं कशाला, एखादा कार्यक्रम ठेवा, तासभर बोलतो. ते म्हणाले, "अंकुशराव, तुमी बोलायला लागले की लोक हसतात, टाळ्या वाजवतात आन घरी जातात. लिहा. लिहिताना माणसाला थांबावं लागतं." भागवतराव कोण ते पुढं येईलच. तर थांबत थांबत लिहितो आहे. माझ्यासारखा आजार ज्यांच्या घरात आहे त्यांनी वाचावं, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनी शेजाऱ्यासाठी वाचून ठेवावं.

माझा धंदा बोलण्याचा. तेलगावच्या आसपास लग्न, साखरपुडा, बारसं, कुणाचा निवृत्तीचा निरोप, काहीही असो, माईकवर मी. पत्रिकेच्या तळाशी 'सूत्रसंचालक : अंकुश तेलगावकर' असं छापलेलं असतं आणि ते मामांच्या नावांपेक्षा ठळक असावं असा माझा आग्रह असतो. आमच्या बीड जिल्ह्यात लग्न भटजी लावत नाहीत, माईकवाला लावतो. कारण अक्षता पडण्याआधी सत्कार असतात. दोन्हीकडचे पाहुणे, दोन्हीकडचे पुढारी, पुढाऱ्यांबरोबर गाडीत बसून आलेले लोक, प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवल्याशिवाय निघून जातो आणि पुढं त्याच्या घरच्या लग्नात तुमचं नाव ठरवून राहतं. ही नावं मानपानासकट, कागद न बघता घ्यायची, हे माझं काम. त्यात मला तोड नव्हती. धारूरचा सोपान धारूरकर स्वतःला माझ्या तोडीचा समजायचा, पण त्याला नावं लिहून घ्यावी लागायची.

रंगात आलेला माणूस

आजार आला तेव्हा कुणाला कळला नाही, कारण तो माझ्या धंद्याच्या कामाचा निघाला. झोप कमी झाली, पण ऐन लग्नसराईत झोपतो कोण. बोलणं वाढलं, आवाज चढला, एका दमात मी नवरदेवाच्या सात पिढ्या सांगायला लागलो. लोक खूश. "अंकुश यंदा लई रंगात हाय" असं जो तो म्हणायचा. मी तलाठी किंवा मास्तर असतो तर आठवड्याभरात कुणीतरी हात धरून बाजूला घेतलं असतं. मला लोकांनी पुढच्या तारखा दिल्या.

पहिल्यांदा ओळखलं ते माझ्या बायकोनं, सुनंदानं. एका दुपारी मी ताटावर बसलो आणि म्हणालो, "आता मी आमटीला नम्र विनंती करतो की तिनं व्यासपीठावर यावं." सुनंदा पळी हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमी घरात बी माईकवर असल्यागत बोलायलेत. डोळे कसे झालेत बघा आरशात." मी आरशात बघितलं. मला फार देखणा माणूस दिसला.

थोरल्या भावाकडं राहणाऱ्या आईनं येऊन मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी मीठमोहऱ्यांचे आभार मानले.

घरात नारळ आणि शाली यांचा ढीग लागला. पुढं सत्कार करायचे आहेत एवढंच मला माहीत होतं, कुणाचे ते माहीत नव्हतं. सकाळी दूधवाल्याचा झाला, मग दूधवाल्याच्या म्हशीचा. म्हशीनं हार खाल्ला, त्यावर मी तिची विनोदबुद्धी वाखाणली. गल्लीतली पोरं हसत होती. सुनंदा दाराआड उभी राहून रडत होती, आणि मला ते आनंदाश्रू वाटत होते.

मग ते लग्न आलं. मुहूर्त दुपारचा. मी पाहुण्यांचे सत्कार संपवून आचाऱ्यांचे घेतले, आचाऱ्यांचे संपवून पाण्याच्या टँकरवाल्याचा घेतला, आणि मग 'सकाळपासून अखंड सेवा देणारे आदरणीय जनरेटर' यांना शाल पांघरली. मंडप हसून लोटपोट. नवरी मात्र उभी राहून राहून खाली बसली. रफिकभाई, आमचे साउंडवाले, माझ्याबरोबर कितीतरी हंगाम फिरलेला माणूस, मंडपाच्या कोपऱ्यातून हातानं खूण करत होते की आवरा. मी त्यांचाही सत्कार जाहीर केला. शेवटी मी नवरदेवाच्या आजोबांना व्यासपीठावर बोलावलं. ते वारून वर्ष झालं होतं. मी सांगितलं की आजोबा हजर आहेत, मला दिसत आहेत, वाट द्या. हसणारा मंडप गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या नवरदेवाच्या आजीनं मागं वळून बघितलं, आणि कुणी नाही म्हटल्यावर पदर तोंडाला लावला.

रफिकभाईंनी वायर उपटली. मी बिनमाईकचं चालू ठेवलं. ते स्टेजवर आले, माझ्या हाताला धरून म्हणाले, "अंकुशभाऊ, चला घरी." मी खाली उतरलो तो त्या हातामुळं.

पाहुणे आले

रफिकभाईंचा एक मावसभाऊ मागं असाच बिघडला होता आणि तालुक्याच्या गावातल्या मनाच्या आजारांच्या एका केंद्रानं त्याला सावरलं होतं. त्या केंद्राला त्यांनी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात पांढरी गाडी थांबली.

आमच्या गल्लीत पांढरी गाडी आली की दोनच अंदाज बांधतात. एक तर पक्षाचे लोक, नाहीतर स्थळ बघायला आलेले. या केंद्राच्या लोकांची पद्धत अशी की गणवेश घालायचा नाही, गाडीवर पाटी लावायची नाही, म्हणजे घराची चर्चा होत नाही. आमच्याकडं उलटं झालं. एक बाई आणि एक पुरुष नीटनेटके कपडे घालून उतरले, चपला बाहेर काढल्या, "येऊ का" म्हणून विचारलं. एवढ्या अदबीचे लोक म्हणजे पाहुणेच. शेजारच्या नानांनी खुर्च्या आणून टाकल्या. समोरच्या घरात पोहे भिजले. आणि मी बघितलं, तर पाहुणे आहेत, खुर्च्या आहेत, माणसं जमली आहेत, घरात शाली आहेत. आणखी काय पाहिजे.

बाई होत्या कुंदा सिस्टर. त्यांना मी मराठवाड्याची माउली केलं. पुरुष होते भागवतराव, पूर्वी एसटीत कंडक्टर. त्यांना काय काय केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, कारण खरे पदाधिकारी दुखावतील. दोघांनी शाल घेतली, नारळ घेतला, भागवतरावांनी फेटाही बांधून घेतला. पुढं मी जाहीर केलं की सत्कारमूर्ती आता आपलं मनोगत व्यक्त करतील.

भागवतराव फेटा सावरत उठले. म्हणाले, "मी भागवत. मला असाच आजार झालता. तवा मी भरलेली एसटी काश्मीरला न्यायला निघालतो, तिकीट न फाडता. गाडी माजलगावच्या पुढं गेली न्हाई. त्या दिवशी मला लई भारी वाटत होतं. झोप तर लागतच नव्हती. आता गोळी खातो आन झोपतो. बस." आणि खाली बसले.

नाना माझ्या कानात म्हणाले, "भाषण लईच छोटं झालं." मग त्यांना हळूहळू उमगलं असावं, कारण ते सिस्टरना बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, त्याला म्हणा तिकडं मोठा सत्कार ठेवलाय. पळत येईल."

"खोटं सांगून न्हाई नेत आमी," सिस्टर म्हणाल्या. "आज खोटं सांगितलं तर उद्या गोळी देताना त्यांनी आमच्यावर विश्वास काहून ठेवावा?" आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या. "अंकुशभाऊ, तुमी लई दिवस झोपले न्हाईत. आमच्याकडं खाट हाय, डॉक्टर मॅडम हायेत. दाराला कुलूप न्हाई. यायचं का?"

मी नाही म्हणालो. माझे कार्यक्रम होते.

"बरं. मग आमी इथंच बसतो. दुपारी परत विचारते."

आणि बसले. मी बोलत राहिलो, ते ऐकत राहिले. गल्ली हळूहळू पांगली, पोहे खाऊन नानाही गेले. हे दोघं, सुनंदा आणि रफिकभाई मात्र जागचे हलले नाहीत. मध्ये सिस्टरनी पाणी दिलं, मी प्यालो. दुपारी ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा माझा घसा बसला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा श्रोत्यांच्या आधी मी थकलो. सिस्टरनी परत विचारलं, यायचं का. मी म्हणालो, चला. गाडीत बसतानाही खिडकीतून दोन-तीन जणांचे आभार मानले, पण मनापासून नाही.

लिंबाखालचं घर

केंद्राच्या पाटीवरचं नाव लांबलचक आहे आणि ते कुणीच घेत नाही. दारात मोठा कडुलिंब आहे म्हणून सगळे त्याला लिंबाखालचं घर म्हणतात. थोड्या खाटा, एक स्वयंपाकघर, मागं बसायला ओटा. ज्याचं डोकं अगदी टोकाला गेलं आहे तो इथं काही दिवस राहतो. ज्याला घरीच धीर मिळाला तर भागतं, त्याच्या घरी हे लोक जातात. ज्याला मोठ्या दवाखान्याची गरज आहे त्याला तिथं नेतात, आणि सोडून येत नाहीत, सोबत बसतात. आलेल्या माणसाला 'काय झालं तुला' हे विचारायच्या आधी 'जेवले का' हे विचारतात. मी इतकी वर्षं लोकांना जेवल्याशिवाय जाऊ नये अशी विनंती करत आलो, पण मला कुणी इतक्या खऱ्या मनानं जेवायला विचारल्याचं आठवत नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी मला तपासलं, सुनंदाशी बोलल्या, आणि आजाराचं नाव सांगितलं. बायपोलर. मराठीत द्विध्रुवीय. शब्द मला बेहद्द आवडला. मी दोन-तीनदा म्हणून बघितला, वेगवेगळ्या पट्टीत.

"मॅडम, हा नावाच्या आधी लावायचा की नंतर?"

"नावापासून लांब ठेवायचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही अंकुश. हा आजार. दोन्ही वेगळे." मग त्यांनी सांगितलं की यात मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. गोळ्या आहेत, अधूनमधून रक्त तपासायचं, आणि पुष्कळ माणसं यातून आपापल्या कामाला लागलेली आहेत.

मला एकच भीती होती. "गोळ्यांनी आवाज जाईल का?"

"जाणार नाही. सुरुवातीला जीभ जड वाटेल, हात थरथरेल. त्रास झाला की सांगायचं, आपण गोळी बदलू."

हात खरोखर थरथरायला लागला. चहा बशीत यायचा. माझ्या शेजारच्या खोलीत डोंगरपट्ट्यातल्या गयाबाई होत्या. त्यांना छातीत धडधडून आता जीव जातो असं वाटायचं, म्हणून आलेल्या. त्यांनी माझी कसरत बघितली आणि म्हणाल्या, "अर्धाच कप घे की रं. पुन्ना माग." जगात इतकी सोपी तोड असते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच गयाबाईंनी मी ओट्यावर त्यांचा परिचय करून द्यायला लागलो तेव्हा सांगितलं, "गप बस. मला माहीत हाय मी कोन हाय ते."

सुनंदालाही त्यांनी खाट दिली होती. पहिल्या दिवशी माझ्या आधी तीच झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. सिस्टरनी तिला उठवू दिलं नाही. उठल्यावर ती माझ्यावर ओरडली, मग स्वतःच रडली. "मला माहेरचे म्हणायलेत इकडं ये म्हणून. मी म्हणले, येते, पर ह्यांना घेऊनच." तिच्या भावानं त्यावर काय उत्तर दिलं ते तिनं सांगितलं नाही. सिस्टरनी मात्र त्या भावाला फोन लावला आणि आजार म्हणजे काय ते सावकाश समजावलं. तो चिडला, मग गप्प झाला, मग त्यानं शेवग्याच्या शेंगा पाठवल्या. आमच्याकडं माफी अशीच मागतात.

खाली

झोप आली, बोलणं उतरलं, आणि मी आपला सुटकेचा निःश्वास टाकणार तोच जमीनही खाली गेली. मॅडमनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि पडणं वेगळं.

जनरेटरला शाल घालतानाचा माझा व्हिडिओ अख्ख्या जिल्ह्यात फिरला होता. ते चाललं असतं. पण मला डोळे मिटले की ती आजी दिसायची, मागं वळून बघणारी. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागलो. शब्द येत नव्हते. पूर्वी न बोलावता रांगेनं यायचे, आता पाणी मागायलाही शब्द शोधावा लागायचा. मनात एकच विचार घर करून बसला, की आपण नसलो तर सगळ्यांची सुटका होईल. हा विचार मला अतिशय समजूतदार वाटत होता, ही त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट.

सिस्टर माझ्या खोलीच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "भाऊ, जीव द्यावासा वाटतो का?"

इतकं सरळ. कुणी कुणाला भाजी कोणती करू असं विचारावं तसं. मला वाटलं होतं की हा प्रश्न विचारणं पाप आहे आणि त्याचं उत्तर देणं त्याहून मोठं. पण तो विचारला गेला आणि माझ्या छातीवरचं काहीतरी हललं.

"हो," मी म्हणालो. माझं सगळ्यात छोटं भाषण.

त्यांच्या हातातली मेथी खाली पडली नाही. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "सांगितलं ते बरं केलं. आता तुमी एकटे न्हाई राहायचं. आमी बसतो." मॅडमना बोलावलं, त्या आल्या, गोळ्या बदलल्या. आणि खरोखर त्या दिवसापासून माझ्याजवळ कुणी ना कुणी बसलेलं असायचं. उपदेश कुणी केला नाही. 'तुला काय कमी आहे' असं कुणी म्हणालं नाही. भागवतराव पत्ते घेऊन यायचे आणि उघड उघड लबाडी करायचे. गयाबाईंनी कुणी न सांगता आपलीही पाळी लावून घेतली आणि त्यांच्या म्हशीच्या प्रत्येक वेताची हकिगत मला पहिल्यापासून सांगितली. मध्ये उठून मरायला सवडच नव्हती.

एक दिवस मी विचारलं, "मग त्या पारड्याचं काय झालं?" गयाबाई सिस्टरना हाक मारून म्हणाल्या, "अगं ये, हा ऐकायलाय."

तीन माणसं

त्या घराचा एक नियम आहे. घरी जायच्या आधी तीन माणसं सांगायची. पुन्हा जीव नकोसा झाला तर ज्यांना हाक मारायची ती तीन. आणि नुसती नावं सांगून भागत नाही, ती माणसं लिंबाखाली येऊन बसावी लागतात.

मला हसू आलं. जिल्ह्यातली हजारो नावं माझ्या जिभेवर. मी सुरू केलं. माजी सभापती साहेब. कारखान्याचे एक संचालक. एक विभागीय अध्यक्ष, ज्यांचा विभाग कोणता ते मला कधीच कळलं नाही पण सत्कार दर लग्नात असायचा.

भागवतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "ह्यातला कोण ताटावरून उठून येईल?"

मी विचार केला. ते सगळे उलट आमच्याच ताटावर बसलेले मला आठवत होते.

"सुनंदा येईल," मी म्हणालो.

"एक झालं."

"रफिकभाई."

"दोन."

तिसरं नाव येईना. मी त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भाऊबंद होते, मित्र म्हणावेत असे पुष्कळ होते, पण प्रत्येकाच्या नावाशी मी अडायचो. ह्याला मी असं कसं सांगणार. सगळ्यांना मी वर उभा असलेला माहीत होतो. भागवतराव घाई करत नव्हते. ते म्हणायचे, "बघा, सापडंल," आणि पत्ते वाटायचे. मला मात्र त्या रिकाम्या तिसऱ्या जागेची गोळ्यांपेक्षा जास्त धास्ती बसली होती.

अशात एका सकाळी फाटकात सोपान धारूरकर उभा. मला वाटलं, मजा बघायला आला. माझ्या सगळ्या तारखा त्याच्याकडं गेल्या होत्या हे मला माहीत होतं. तो आला, ओट्यावर बसला, आणि गप्प. मीही गप्प. दोन सूत्रसंचालक समोरासमोर आणि बोलायला शब्द नाही, असा प्रकार गयाबाई आतून वाकून वाकून बघत होत्या.

शेवटी तो म्हणाला, "तू बरा हो बे लवकर."

"काहून? धंदा तर जोरात असंल तुझा."

"जोरात हाय. पर लोक आता म्हणायलेत, सोपानच भारी." त्यानं मान खाली घातली. "मला सवय न्हाई. आदी प्रत्येक लग्नात कुनीतरी म्हणायचं, अंकुशची सर न्हाई. त्या रागात मी बोलायचो. आता कुनाच्या रागात बोलू?"

मी कितीतरी दिवसांनी हसलो. हसताना डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. सोपान घाबरला, उठला, पुन्हा बसला, खिशातून रुमाल काढला. तो सत्काराच्या फेट्याचा कापलेला तुकडा होता. मी त्याला म्हणालो, "माझं एक काम करशील का?" काम ऐकल्यावर त्यानं तो तुकडा घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "येतो. परत येतो. कवा ते सांग."

ते तिघं एका सकाळी लिंबाखाली बसले. सुनंदा, रफिकभाई, सोपान. भागवतराव म्हणाले, "अंकुशराव, अशी वेळ आली तर फोनवर काय बोलणार, ते आता ह्यांच्यासमोर बोला. त्या वेळी नवं सुचत न्हाई, म्हणून आत्ताच तोंडात बसवून घ्यायचं."

मी उभा राहिलो. सवयीनं. "आदरणीय व्यासपीठ—"

"विशेषणं काढा."

"माझे जिवलग सहकारी, ज्यांनी सुखदुःखात—"

"ते बी काढा."

"माझी प्रकृती सध्या किंचित—"

"किंचित न्हाई," सुनंदा म्हणाली.

सोपानला राहवेना. "आवाज खाली घे. शेवटी उचलायलास तू, टाळीची वाट बघायलास."

तो बरोबर बोलत होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मी खाली बसलो. मातीकडं बघितलं. मग म्हणालो, "मला जगावंसं वाटंना. ये."

सुनंदानं माझा हात धरला आणि सोडला नाही. रफिकभाई लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते, डोळ्यांची उघडझाप करत. सोपान म्हणाला, "हां. आता आलं." भागवतराव उठले आणि चहाचं सांगायला आत गेले. मी घरी आलो.

आषाढ

त्यानंतर मी पुन्हा माईकवर उभा राहिलो. त्या आजीकडंही जाऊन आलो. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "ते खरंच दिसले होते का रं तुला? कसे होते?" मी सांगितलं की मी आजारी होतो. त्या म्हणाल्या, "तरी पर." कार्यक्रम आता निवडून घेतो, झोप मोडेल असा घेत नाही. मी लांबलो तर वायर उपटायचा अधिकार रफिकभाईंना सगळ्यांदेखत दिलेला आहे, आणि ते तो गरजेपेक्षा थोडा जास्त वापरतात.

आषाढ लागला की लग्नं बंद होतात. त्या आषाढात ते खाली जाणं परत आलं. गोळ्या चालू होत्या तरी आलं. येऊ शकतं हे मॅडमनी सांगून ठेवलेलं होतं. दुपारची वेळ. सुनंदा चकलांब्याला बहिणीकडं गेली होती, संध्याकाळी यायची होती. मी अंगणात बाजेवर बसलो होतो आणि तो समजूतदार विचार येऊन शेजारी बसला. पूर्वीइतकाच समजूतदार.

मी फोन घेतला. सुनंदाचा लागेना, एसटीत असावी. रफिकभाईंचा वाजत राहिला. सोपानचं नाव आलं तेव्हा माझं बोट थांबलं. त्या दिवशी धारूरला एका मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ होता आणि सोपान माईकवर होता. माईकवरच्या माणसाला फोन करू नये हे आमच्या धंद्यात कुणी शिकवावं लागत नाही. मी बराच वेळ त्या नावाकडं बघत राहिलो. मग लावला.

त्यानं उचलला. मागं सभागृह ऐकू येत होतं, खुर्च्या, खोकले, कुणाचं तरी बाळ.

"मला जगावंसं वाटंना," मी म्हणालो. "ये."

"फोन ठेवू नको," तो म्हणाला. आणि मग मला तोच आवाज माईकवरून ऐकू आला. "मंडळी, मला जावं लागतंय. माझा माणूस आजारी हाय. राहिलेले सत्कार तुमचे तुमी करून घ्या."

फोन त्यानं तसाच चालू ठेवून खिशात टाकला. धारूरचा घाट तो उतरत होता आणि मी इकडं बाजेवर बसून वारा ऐकत होतो. मध्ये मध्ये तो ओरडायचा, "हायेस का बे?" मी म्हणायचो, "हाय." मग पुन्हा वारा.

तो आला तेव्हा डोक्यावर फेटा होता, अर्धा सुटून खांद्यावर आलेला. गाडी लावली, फोन बंद केला, माझ्या बाजेवर बसला. केंद्राला फोन केला, सिस्टर माझ्याशी बोलल्या, उद्या सकाळी येते म्हणाल्या, तोवर कोण आहे तिथं असं विचारलं. "मी हाय," सोपान म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. ऊन कलंडलं, समोरच्या घरात चूल पेटली, आम्ही दोघं तसेच बसून होतो.

दिवेलागणीला सुनंदा आली. फाटकातूनच तिनं बघितलं, आम्ही दोघं एका बाजेवर, दोघंही गप्प. तिच्या हातातली पिशवी खाली आली. तिनं असं दृश्य कधी बघितलंच नव्हतं.

"काय झालं?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कोनी न्हाई गेलं, वहिनी," सोपान म्हणाला. "हाय इथंच."